प्लास्टिकच्या ब्लॉकची जीप उशांचा डोंगर कशी चढते? उत्तर वावरातल्या ट्रॅक्टरमध्ये आहे

जून सरत आला, दोन चांगले पाऊस झाले की नांदेड-लातूरच्या कुठल्याही शिवारात एक सीन हमखास दिसतो. ट्रॅक्टर काळ्या रानात रुतलाय. मागचं एक चाक जागच्या जागी गरगर फिरतंय, चिखल उडवतंय. दुसरं चाक मात्र ढिम्म. मग ड्रायव्हर टाचेजवळचं एक छोटं पेडल दाबतो, दोन्ही चाकं एकदम फिरायला लागतात आणि ट्रॅक्टर गुरगुरत बाहेर येतो.

आता हाच सीन घरातल्या हॉलमध्ये बघा. लेगोच्या ब्लॉकपासून बनवलेली, मोटर लावलेली जीप. समोर उशांचा डोंगर. जीपचं एक चाक हवेत लटकलंय आणि तेच वेड्यासारखं फिरतंय. बाकीची तीन चाकं शांत. पोरगं रिमोट दाबून दाबून वैतागलंय आणि "सेट खराब निघाला" म्हणून तक्रार करतंय.

सेट खराब नाहीये. जीपला आणि ट्रॅक्टरला एकच अडचण आलीय. फरक एवढाच की ट्रॅक्टरवाल्याला पेडल माहितीये.

आधी हे ब्लॉक नेमके कुठले ते बघू

लेगो म्हटलं की लहान मुलांची रंगीत घरं डोळ्यांसमोर येतात. डेन्मार्कमधल्या बिलुंड गावात ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाच्या सुताराने १९३२ मध्ये ही कंपनी सुरू केली, तेव्हा खेळणी लाकडाची होती. आज आपण ओळखतो त्या प्लास्टिकच्या ब्लॉकच्या पेटंटसाठी अर्ज झाला २८ जानेवारी १९५८ ला.

पण गाड्यांचा विषय सुरू होतो १९७७ पासून. त्या वर्षी कंपनीने अशी मालिका आणली जिच्यात दांडे, पिना, गिअर आणि अधिक चिन्हाच्या आकाराचे एक्सल होते. हीच पुढे 'टेक्निक' म्हणून ओळखली गेली. यातल्या दोन शेजारच्या भोकांमधलं अंतर बरोबर ८ मिलिमीटर असतं. हे माप इतकं काटेकोर पाळलं जातं की वीस वर्षांपूर्वीचा गिअर आजच्या एक्सलवर निमूट बसतो.

ज्यांचं बालपण 'मेकॅनिक्स'च्या पत्र्याच्या पट्ट्या आणि नट-बोल्ट यांच्यात गेलंय, त्यांना ही कल्पना नवीन वाटणार नाही. फक्त इथे पाना लागत नाही आणि गाडी अर्ध्या तासात मोडून परत बनवता येते. ही परत बनवण्याची सोय फार महत्त्वाची आहे. कारण पहिली गाडी कधीच चढ चढत नाही.

का चढत नाही? जरा हिशोब करू

लेगोची एक जुनी, दणकट मोटर आहे, एक्सएल नावाची. भार नसताना ती मिनिटाला साधारण २०० फेरे मारते. समजा ती थेट १० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला जोडली. चाकाचा परीघ झाला ३१ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे गाडी मिनिटाला ६० मीटरच्या पुढे जाईल, ताशी पावणेचार किलोमीटर. माणूस निवांत चालतो साधारण तेवढा वेग. खेळण्यासाठी झकास.

पण जोर किती? या मोटरचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याची ताकद, भार असताना सुमारे १४ ते १५ न्यूटन-सेंटीमीटर धरतात. चाकाची त्रिज्या ५ सेंटीमीटर. भागाकार केला की जमिनीवर मिळणारी ओढ येते जेमतेम ३ न्यूटन. आपल्या भाषेत, ३०० ग्रॅमचं वजन उचलायला लागतो तेवढा जोर.

बॅटरी, मोटर, टायर धरून गाडीचं वजन सहज दीड किलो भरतं. ३० अंशांच्या चढावर तिला स्वतःला वर ओढायला वजनाच्या निम्मा जोर लागतो, म्हणजे ७५० ग्रॅमचा. हातात आहेत ३००. विषय संपला.

इथे गिअर येतात. ८ दातांचा गिअर मोटरवर आणि २४ दातांचा चाकाकडे लावला की वेग तिसऱ्या हिश्शावर येतो आणि जोर तिप्पट होतो. ३०० चे झाले ९००. कागदावर गाडी चढली. प्रत्यक्षात गिअर एकमेकांवर घासतात, एक्सल भोकात घासतो, त्यात थोडा जोर जातोच. म्हणून सराईत लोक असं अजून एक जोडकाम करतात, एकूण नऊ पट. आता जोर भरपूर, पण वेग ताशी ४०० मीटरच्या आसपास. गोगलगाय म्हणा हवं तर, पण ही गोगलगाय उशांचा डोंगर चढते.

ट्रॅक्टरचा लो गिअर म्हणजे दुसरं काय? नांगर ओढताना कुणी टॉप गिअर टाकत नाही.

लातूर आणि नांदेडमध्ये अकरावी-बारावीला टॉर्कवरची गणितं सोडवणारी पोरं गल्लोगल्ली सापडतील. 'लातूर पॅटर्न'चं नाव राज्यभर झालं ते अशाच सरावावर, आणि त्या सरावाला नावं ठेवायचं कारण नाही. पण गणितात घर्षण 'नगण्य' धरा असं लिहिलेलं असतं. ब्लॉकची गाडी ते धरू देत नाही. एक्सल जरा वाकडा बसला की गणित बरोबर आणि गाडी जागेवर, हा अनुभव वहीत मिळत नाही.

मग नऊ पट जोर आला, तर तुटतं काय?

प्लास्टिक तुटतं. किंवा पिळवटतं. मोटरशेजारीच सगळा जोर वाढवून ठेवला, तर तो वाढलेला जोर लांबलचक प्लास्टिकच्या एक्सलमधून चाकापर्यंत न्यावा लागतो. एक्सल जिलेबीसारखा पीळ खातो, गिअर दात सोडून 'कट् कट्' वाजायला लागतात. हा आवाज या छंदातल्या प्रत्येकाने ऐकलेला असतो.

उपाय साधा आणि फार हुशार आहे. मोटरपासून चाकापर्यंत फिरणं वेगात आणि हलक्या जोराने न्यायचं, आणि जोर वाढवायचा तो अगदी शेवटी, चाकाच्या तोंडाशी.

खऱ्या गाड्यांमध्येही हीच युक्ती आहे. मर्सिडीजच्या उनिमॉग ट्रकमध्ये चाकाजवळ गिअरची एक जोडी असते. त्यामुळे एक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर सरकतो, गाडीचं पोट जमिनीपासून उंच राहतं आणि दगड खाली घासत नाहीत. याला पोर्टल एक्सल म्हणतात. लेगोने २०११ मध्ये उनिमॉगचा २०४८ तुकड्यांचा सेट काढला, त्यात हे पोर्टल एक्सल होते. २०१२ मध्ये रिमोटवर चालणारा क्रॉलर आला, १३२७ तुकड्यांचा. आणि २०१९ च्या ९५८ तुकड्यांच्या फोर बाय फोर ऑफ-रोडरमध्ये तर चाकाच्या आतच छोटे ग्रहमालेसारखे गिअर बसवले. एक गिअर मध्ये, बाकीचे त्याच्याभोवती. तेवढ्याशा जागेत जोर पाच पटींच्या वर जातो.

आता त्या हवेत फिरणाऱ्या चाकाकडे येऊ

गाडी वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा म्हणजे डिफरन्शियल. रस्त्यावर ती हवीच. पण तिची एक खोड आहे. दोन्ही चाकांना ती सारखाच टॉर्क देते. एक चाक हवेत किंवा चिखलात असेल तर त्याला फिरवायला जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास काहीच मिळत नाही. इंजिन कितीही मोठं असो.

ट्रॅक्टरचं ते पेडल हे डिफरन्शियल लॉक करतं. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर बसवल्यासारखी फिरतात. म्हणूनच लॉक टाकून ट्रॅक्टर वळवू नका असं सांगतात. वळताना चाकं फरफटतात आणि सगळा ताण गिअरवर येतो.

ब्लॉकच्या गाडीत लॉक बनवता येतो, पण त्यात जागा आणि तुकडे खूप जातात. म्हणून दगडांवरून हळूहळू चढणारी क्रॉलर बनवणारे बरेच जण डिफरन्शियल काढूनच टाकतात. सरळ एक्सल घालायचा, वळायला थोडा त्रास झाला तर झाला. पहिल्यांदा बनवणाऱ्यासाठीही हाच मार्ग बरा.

मुळात चाक हवेत जाऊच नये यासाठीही एक सोय आहे आणि तीही आपल्या अंगणातच उभी आहे. ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल नीट बघा. तो मधल्या एका पिनवर टांगलेला असतो आणि बांधावर चढताना तराजूच्या दांडीसारखा डोलतो. पुढे स्प्रिंगचं सस्पेन्शन नसतानाही दोन्ही चाकं जमिनीला धरून राहतात. ब्लॉकच्या गाडीत हे करायला एक पिन आणि दोन दांडे पुरतात. हजारोंचे शॉक अब्सॉर्बर घेण्याआधी हे करून बघावं. बॅटरीचा डबा मात्र खाली आणि मध्यावर ठेवायचा. वर ठेवला की पहिल्याच चढावर गाडी उताणी.

हे सगळं नीट शिकायचं तर कुठून?

पोलंडचा पावेल क्मिएच, छंदी मंडळींत 'सॅरिएल' नावाने ओळखला जाणारा, या कामातला मोठा माणूस. लेगो टेक्निकवर त्याने २०१२ मध्ये लिहिलेलं पुस्तक गिअर आणि सस्पेन्शनसाठी अजून वापरलं जातं. त्याच्या देशात ब्लॉकच्या ट्रकची 'ट्रक ट्रायल' होते. दगड-माती-मुळांवरून ठरवलेल्या फाटकांमधून ट्रक न्यायचा, चुकलं की दंडाचे गुण.

भारतात ब्लॉकऐवजी खऱ्या लोखंडाच्या नळ्या वापरून हेच होतं. बाहा एसएईइंडिया या स्पर्धेत २००७ पासून इंजिनिअरिंगची पोरं एका सीटची ऑफ-रोड गाडी स्वतः डिझाइन करून, बनवून, पळवून दाखवतात. तिथेही चर्चा याच असतात. रिडक्शन किती ठेवायचं, वजन कुठे ठेवायचं, चाक किती खाली-वर जाऊ द्यायचं.

खरा प्रश्न पैशांचा

रिमोट आणि मोटर असलेले मोठे सेट पाच आकडी रुपयांत जातात. याला एक कारण आयात शुल्क. २०२० च्या बजेटमध्ये खेळण्यांवरचं शुल्क २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्कही सक्तीचा झाला. देशी उद्योगाला आधार हा हेतू. पण देशात न बनणाऱ्या सेटसाठी पालकांचा खिसा रिकामा होतो, हेही तितकंच खरं.

मग लेगोसारखेच दिसणारे, निम्म्याहून कमी किमतीचे ब्लॉक घेणं बेकायदा आहे का? नाही. मूळ पेटंट कधीच संपलंय. ब्लॉकचा आकार ट्रेडमार्क म्हणून आपल्याकडे ठेवायचा कंपनीचा प्रयत्न युरोपच्या सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०१० मध्ये फसला. जो आकार तांत्रिक गरजेतून येतो तो ट्रेडमार्क होत नाही, असं कोर्ट म्हणालं. लेगोचं नाव आणि खोका नक्कल करून विकणं मात्र सरळ फसवणूक. स्वस्त ब्लॉक घेताना मार्क बघायचा आणि गिअरचे दात बघायचे. दात गुळगुळीत नसतील तर घर्षणात सगळा जोर जाणार.

अजून एक दार आहे आणि ते बऱ्याच जणांना माहीत नसतं. केंद्राच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून शाळांना टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान दिलंय, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. असे १० हजार लॅब झाले आणि २०२५ च्या बजेटमध्ये आणखी ५० हजारांची घोषणा झाली. तिथे मोटर, गिअर, सेन्सर असतात. तुमच्या मुलाच्या शाळेत असा लॅब आहे का आणि त्याचं कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडतं, हे पुढच्या पालकसभेत विचारायला हरकत नाही.

घेतलीच गाडी, तर मराठवाड्यात चालवताना

जुन्या मोटरसंचाचा रिमोट इन्फ्रारेडवर चालतो, टीव्हीच्या रिमोटसारखा. नांदेडच्या मे महिन्याच्या उन्हात तो अंगणात काम करणं अवघड, कारण उन्हातच इन्फ्रारेडचा भडिमार असतो. २०१८ नंतरचे संच ब्लूटूथवर, मोबाइलमधून चालतात, त्यांना ही अडचण नाही. मोटर जॅम झाली आणि ती मध्येच गप्प झाली तर घाबरू नका. जास्त करंट गेला की ती स्वतःला बंद करते. दहा मिनिटं सावलीत ठेवा.

सहा पेन्सिल सेल लागतात, मिळून ९ व्होल्ट. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणून बेरीज ७.२ वर येते आणि गाडी थोडी मंदावते. खर्च मात्र कितीतरी वाचतो.

आणि काळ्या मातीत नेऊ नका. ओली झाली की ही माती टायरच्या नक्षीत भरते, नक्षी बुजली की टायर गुळगुळीत होतो आणि डिफरन्शियल लॉक असूनही पकड राहत नाही. सुकल्यावर तीच माती एक्सलच्या भोकात दगड होते. मुरमाचा ढीग, बांधकामावरची वाळू, घराच्या पायऱ्या, हे सगळं चालेल. वाळू शिरलीच तर मोटर आणि बॅटरीचा डबा आधी काढून ठेवा, बाकीचे तुकडे सुटे करा, कोमट पाण्यात हाताने धुवा. पाणी ४० अंशांच्या वर नको. आणि वाळवायला टाकायचे ते सावलीत, गच्चीवर पापडांशेजारी नाही.