असं का होतं? : स्केटिंगचा बूट घोट्यात का मोडतो?

यवतमाळच्या पोरांचं स्केटिंग बर्फावरचं नाही, चाकांवरचं. 2023च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सिद्धांत कांबळे, विक्रम इंगळे यांच्या संघाने 3000 मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं, ते याच खेळात. वेगाच्या शर्यतीचा बूट आखूड असतो. उड्या-गिरक्यांच्या आर्टिस्टिक प्रकारातला मात्र घोट्याच्या वर चढतो आणि तिथेच मोडतो.

उडीनंतर पाय टेकतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या काही पट भार एका बुटावर येतो. गुडघा वाकतो, बूट घोट्याशी दुमडतो. वहीचा पुठ्ठा एकाच रेषेवर सारखा दुमडला की तिथे लुळा पडतो, तसंच चामड्याचं होतं: आतले तंतू सुटतात, थर विलग होतात. घामाने ते आणखी लवकर. ओलं चामडं नरम असतं, म्हणून सराव संपला की नाडी पूर्ण सैल करा, जीभ पुढे ओढा, आतला तळवा बाहेर काढा.

पण विदर्भातल्या उन्हात बूट ठेवू नका. चामडं आक्रसून तडकतं, सोलचा गोंद सुटतो. सावलीत, पंख्याखाली वाळवा. बुटाखालच्या, चाकं बसवलेल्या प्लेटचे स्क्रूही दर आठवड्याला तपासा. सैल स्क्रू भोक मोठं करत जातो.

घोट्याशी घडी खोल गेली, नाडी आवळूनही पाय आत कलत असेल, तर तो बूट उड्यांसाठी संपला. नवा घ्यायचा तर स्पर्धेच्या बरंच आधी घ्या. त्याला पायाशी जुळायला काही आठवडे लागतात.