मल्लविद्येंतील पदव्या व त्यांचा अधिकार

गेल्या पावसाळ्यांत आमचा एक जुना विद्यार्थी आपल्या मुलाचें कराटेचें प्रशस्तिपत्र घेऊन गोंदियास आमच्या घरीं आला. पत्रावर काळ्या पट्ट्याची 'दान' श्रेणी, सोनेरी मोहोर व तीन सह्या होत्या. शासकीय सेवेंत खेळाडूंस पांच टक्के जागा राखीव असतात. पण पडताळणींत पट्टा पाहत नाहींत, मान्य स्पर्धेंतील यश पाहतात. पत्र परत आलें. "मग मुलगा शिकला तें खोटें का, गुरुजी?" असा त्याचा प्रश्न होता. त्यास तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं, म्हणून हा विचार.

श्रेणी व पदवी यांतील भेद प्रथम पाहिला पाहिजे. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' ग्रंथांत (इ. स. ११३० चे सुमारास) मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक व गोवल असे वर्ग सांगितले आहेत. ही श्रेणी होय. ती मल्लाच्या अंगीं असते. जपानांतील 'दान' पद्धतिहि मुळांत अशीच. जूडोचे संस्थापक कानो जिगोरो यांनीं ती १८८३ सालीं सुरू केली व १९२४ सालीं फुनाकोशी यांनीं कराटेंत आणिली. गुरु एक व आखाडा एक, तोंवर वादाचें कारण नव्हतें. आमच्याकडील वस्तादास तर कागदच नसे. शिष्यांच्या तोंडीं शब्द बसला म्हणजे झालें.

पदवीची गोष्ट निराळी. ती दात्याच्या अधिकारावर जगते. गोंदियाचा हा मुलूख पूर्वीं नागपूरकर भोसल्यांचा. त्यांची 'सेनासाहेब सुभा' ही पदवी साताऱ्याच्या छत्रपतींकडून आलेली. १७७२ सालीं जानोजी औरस पुत्र नसतां वारला, तेव्हां त्याचे बंधु साबाजी व मुधोजी यांत कलह लागला. मुधोजीचा मुलगा रघूजी हा जानोजीचा दत्तक. पुणें दरबारांतच फूट असल्यामुळें एका पक्षास साबाजी मान्य, तर दुसऱ्यास मुधोजी. दाते दोन झाले कीं सनदेचें वजन निम्में होतें. अखेर १७७५ च्या जानेवारींत पाचगांवच्या रणांत साबाजी पडला. परंतु जिंकूनहि मुधोजीनें आपलें नांव पुढें केलें नाहीं. पदवी मुलाची व कारभार बापाचा, असें राज्य चाललें. तरवारीनें जागा मिळाली तरी नांवास आधार लागतोच, हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

कुस्तींत हाच प्रकार आमच्या देखत घडला. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब प्रथम १९६१ सालीं औरंगाबादेस दिनकर दह्यारी यांनीं मिळविला. पुढें संघटनेंत दुफळी झाली. नोव्हेंबर २०२३ मध्यें पुणें जिल्ह्यांतील फुलगांवीं सिकंदर शेख यांनीं शिवराज राक्षे यांस हरविलें. थोड्याच दिवसांनीं धाराशिवास दुसऱ्या संघटनेच्या मैदानांत तेच राक्षे महाराष्ट्र केसरी झाले. २०२५ सालींहि अहिल्यानगरास पृथ्वीराज मोहोळ व कर्जतेस वेताळ शेळके असे दोन केसरी निघाले. यांत एकाहि मल्लाचें बळ खोटें नाहीं. दोष असलाच तर तो गदा देणाऱ्यांचा, आणि भोगावा लागतो मात्र पैलवानास.

त्या विद्यार्थ्यास आम्ही कळविलें कीं, मुलाचें शिकणें खरें आहे. तें कोणाच्या सहीनें आलें नाहीं व कोणाच्या नकारानें जाणार नाहीं. नोकरीसाठीं मात्र त्यास मान्य संघटनेच्या स्पर्धेंत उतरवावें, आणि शुल्क भरण्यापूर्वीं तिची मान्यता कोणाची आहे, हें लेखी मागावें. तीन सह्यांचें पत्र त्यानें आमच्याकडेच ठेविलें आहे.