अंतर-कालाचा आलेख कसा वाचावा?

आलेखावर चढती रेघ दिसली की मुलगा बेधडक सांगतो, “गाडी टेकडी चढत आहे.” हे उत्तर हसण्यावारी नेऊ नये. आलेख म्हणजे रस्त्याचे चित्र, असा त्याचा समज झालेला असतो. आणि तो तसाच राहिला तर पुढे वेगाचे गणित निव्वळ पाठांतर होऊन बसते.

फळ्यावर आडव्या अक्षावर मिनिटे व उभ्या अक्षावर घरापासूनचे अंतर मांडावे. एक मुलगा सपाट वाटेने शाळेस निघाला. पहिल्या 10 मिनिटांत तो 600 मीटर चालला, 5 मिनिटे विहिरीपाशी थांबला आणि उरलेले 600 मीटर 5 मिनिटांत धावत गेला. थांबला असता अंतर वाढले नाही, वेळ मात्र पुढे सरकली. म्हणून तेथे रेघ आडवी. चालण्याचा वेग मिनिटास 60 मीटर, धावण्याचा 120. म्हणून शेवटची रेघ अधिक उभी. वाट मात्र सर्वत्र सपाटच! रेघ अगदी लंबरूप का होऊ शकत नाही, हे मुलांनाच विचारावे. न सांगता उत्तर आले तर आलेख समजला असे खुशाल मानावे.

फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांच्या आलेखपद्धतीवरील ग्रंथाच्या 1885 च्या आवृत्तीत पॅरिस ते लिआँ मार्गावरील आगगाड्यांचे संपूर्ण वेळापत्रक अशाच रेघांनी दाखविले आहे. जलद गाडीची रेघ अधिक उभी, स्थानकावरील मुक्काम आडवा आणि समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांच्या रेघा जेथे छेदतात तेथे त्यांची गाठ पडते. आपल्या वर्गात दोन मुलांच्या, एक शाळेकडे व एक घराकडे जाणाऱ्याच्या, रेघा काढवून ती गाठ शोधावयास लावावी.