चेताश्लेष : मेंदूतील आधारपेशींची कॅल्शियम-भाषा

शास्त्रातील एखादे नाव कधीकधी संशोधकाच्या दृष्टीलाच मर्यादा घालते. १८५६ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांनी चेतापेशींमधील द्रव्यास ‘न्यूरोग्लिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘ग्लिया’ म्हणजे सरस. मराठीत या पेशींना ‘चेताश्लेष’ म्हणतात. नाव सरसाचे, तेव्हा काम केवळ चिकटवून धरण्याचे, ही समजूत शतकाहून अधिक काळ टिकली.

या समजुतीस प्रयोगाचाही आधार होता. चेतापेशी विद्युत्स्पंदांनी संदेश पाठवते. आधारपेशींपैकी तारकापेशी, म्हणजे ताऱ्याप्रमाणे शाखा फुटलेल्या पेशी, असे स्पंद निर्माण करीत नाहीत. केवळ विजेची भाषा जाणणाऱ्या उपकरणांना त्या मुक्याच वाटणार!

त्यांची भाषा कॅल्शियमची आहे. पेशीच्या आतील मुक्त कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. प्रस्तुत लेखक सध्या चेन्नईच्या टी. नगर भागात राहतो. तेथील रंगनाथन रस्ता दिवाळीच्या आधी माणसांनी ओसंडून वाहत असताना एखाद्या दुकानात मोजकीच गिऱ्हाइके असावीत, तसे हे आहे. दार क्षणभर किलकिले झाले तरी आतल्या माणसांना ते तत्काळ जाणवते. पेशीपटलातील प्रथिनांचे कॅल्शियम-मार्ग ही अशी दारे होत. पेशीला आणखी एक, आतले कोठार असते. ‘आयपी-३’ नावाचा रेणू त्याचे दार उघडतो. कॅल्शियम वाढले की पेशीतील अनेक प्रथिनांचे वर्तन बदलते, हाच संकेत.

१९८०च्या दशकात रॉजर त्सिएन यांनी कॅल्शियमशी संयोग होताच प्रकाशमान होणारी रंजके सिद्ध केली. १९९० साली अॅन कॉर्नेल-बेल, स्टीफन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संवर्धित तारकापेशींवर ग्लुटामेट हा चेतासंदेशक सोडला. तेव्हा कॅल्शियमच्या लाटा एका पेशीतून दुसरीत पसरताना दिसल्या. चेतास्पंदाच्या मानाने त्या अतिशय मंद होत्या. पण मुक्या मानलेल्या पेशी संदेश घेतात आणि पुढे देतात, हे स्पष्ट झाले.

मात्र हे बोलणे चेतापेशी ऐकतात काय? २०१० साली या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे मिळाली. एका गटाने एकाच तारकापेशीतील कॅल्शियम स्थिर राखले, तेव्हा शेजारच्या चेतासंधींचे दृढीकरण थांबले. डी-सेरीन हा रेणू पुरवताच ते पूर्ववत झाले. दुसऱ्या गटाने तारकापेशींत आतल्या कोठाराचे दार नसलेले उंदीर तपासले; त्यांच्या चेतासंधींत काहीच फरक आढळला नाही. २०१५ साली या विरोधाचा एक महत्त्वाचा दुवा हाती आला. अशाच उंदरांच्या तारकापेशींच्या बारीक शाखांत कॅल्शियमचे चढउतार चालूच होते, आणि त्यांतील बराच भाग पेशीपटलातून आत येणाऱ्या कॅल्शियमचा होता. आतले दार बंद असले तरी बाहेरची दारे उघडत होती. वाद मिटला नाही. परंतु पेशीच्या मुख्य अंगावरून तिच्या शाखांविषयी निष्कर्ष काढता येत नाही, हे उमगले.

टी. नगरापासून फार दूर नसलेल्या आयआयटी मद्रासच्या सुधा गोपालकृष्णन मेंदू केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये ‘धरणी’ हा गर्भावस्थेतील मानवी मेंदूचा नकाशा सर्वांसाठी खुला केला. त्यात ५,१३२ छेदांची चित्रे आहेत. कोणती पेशी कोठे आहे हे अशा नकाशावरून कळते. परंतु कॅल्शियमची लाट जिवंत पेशीतच उठते, ती छेदात उरत नाही. स्थान सांगणारा नकाशा आणि बोलणे टिपणारा प्रयोग, दोन्ही एकमेकांस पूरकच मानले पाहिजेत.

आपल्या काव्यशास्त्रात ‘श्लेष’ म्हणजे एका शब्दात नांदणारे दोन अर्थ. त्या दृष्टीने ‘चेताश्लेष’ हे नाव बदलण्याचे कारण नाही. या पेशी धरूनही ठेवतात आणि बोलतातही; पहिला अर्थ शास्त्राने आधी वाचला, दुसऱ्याचे वाचन अद्याप चालू आहे.