धारेवरचे कवच

लाकूडकामाच्या हत्याराची धार जाते ती केवळ लाकडाच्या टणकपणामुळे नव्हे. सागाच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण साठलेले असतात, कधी कधी लाकडाच्या वजनाच्या एक टक्क्याहूनही जास्त. हे कण पात्याला कानशीसारखे घासतात. ओंडका ओढत आणला असेल तर सालीत रुतलेली वाळू त्याहून वाईट, कारण ती पाणी दिलेल्या पोलादापेक्षाही कठीण असते. बाभूळ, खैर आणि ऐन यांची तऱ्हा वेगळी. त्यांत टॅनिन भरपूर असते आणि ओल्या लाकडात ते लोखंडाशी संयोग पावते. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जुन्या पोथ्यांची काळी शाई होत असे, तीच ही क्रिया. ओला ऐन तासल्यावर वाकसाच्या पात्यावर जे निळेकाळे डाग उठतात, ते धार खाल्ली जात असल्याची खूण असतात.

आंबवडे गावात या दोन्हींवर तिसऱ्या शत्रूची भर पडते. भोरहून रायरेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवरचे हे गाव नागेश्वराचे देऊळ आणि संस्थानकाळातला झुलता पूल यांसाठी ओळखले जाते. सह्याद्रीच्या कुशीतल्या या खोऱ्यात पावसाळाभर हवा दमट असते. उघड्यावर राहिलेल्या पटाशीवर एका रात्रीत गंज धरतो. डोळ्याला दिसणाऱ्या तांबूस डागाने फारसे बिघडत नाही. बिघडते ते ऐन धारेच्या टोकाशी. चांगल्या धारेच्या टोकाची गोलाई एखाद्या मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची असते. तेवढा गंज चढला की हत्यार न वापरताच बोथट होते.

यावरचे सर्वांत जुने कवच तेलाचे. खोबरेल तेल इथे चांगले ठरते, कारण ते हवेत सुकून कडक होत नाही. थंडीत थिजले तरी बोटाने चोळता येते. जवसाचे तेल मात्र दांड्यालाच लावावे. ते वाळून चिकट साय धरते आणि पात्यावर भुसा बसवते. रंध्याच्या तळाला मेण चोळले की गंजही टळतो आणि रंधा हलका चालतो. तेल टिकवायचे असेल तर पोलाद काळे करून घेण्याची पद्धत आहे. कॉस्टिक सोडा आणि नायट्रेट क्षार यांच्या सुमारे 140 अंश सेल्सिअस तापलेल्या द्रावणात पाते बुडवले की त्यावर लोहाच्या ऑक्साइडचा काळा थर बसतो. हा थर झीज थांबवत नाही, पण तेल धरून ठेवतो.

खऱ्या अर्थाने कठीण कवच म्हणजे कारखान्यात सोनेरी चमकणाऱ्या ड्रिलवर दिसते ते टायटॅनियम नायट्राइड. निर्वात भट्टीत टायटॅनियमची वाफ करायची, आत नायट्रोजन सोडायचा आणि हत्यारावर दोन ते चार मायक्रॉनचा थर बसू द्यायचा. पाणी दिलेल्या पोलादाचा कठीणपणा विकर्स मापावर सातशे-आठशे भरतो, तर या थराचा दोन हजारांच्या वर. पुण्याजवळ भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अशी कामे होतात.

मग सुताराने आपली पटाशी तिथे द्यावी का? देऊ नये. या भट्टीत बहुधा 400 ते 500 अंश तापमान असते. पटाशीच्या कार्बन पोलादाला पाणी देऊन झाल्यावर ते साधारण 200 अंशांवर शेकून चिवट केलेले असते. तेच पाते 450 अंशांवर गेले की त्याचे पाणी उतरते. वर सोन्यासारखे कवच आणि खाली मऊ पोलाद, अशी जोडी अंड्याच्या कवचासारखी फुटते. हायस्पीड स्टील सुमारे 550 अंशांवर शेकलेले असते, म्हणून ते ही भट्टी सोसते. टंगस्टन कार्बाइडही सोसते. जर्मनीत 1920च्या दशकात निघालेला हा पदार्थ आज राउटरच्या बिटांत आणि चकती करवतीच्या दातांत सर्रास असतो. प्लायवुड आणि एमडीएफमधला कडक झालेला डिंक पोलादाला लवकर खातो, तिथे त्याच्यावाचून चालत नाही. पण त्यातही एक दुबळी जागा आहे. कार्बाइडचे कण कोबाल्टने सांधलेले असतात आणि ओल्या लाकडातली आम्ले कोबाल्ट विरघळवतात. सांधा गेला की कण गळतात.

इथे क्रोमियम नायट्राइडचा चंदेरी थर कामाला येतो. कठीणपणात तो सोनेरी थरापेक्षा जरा उणा, पण गंज आणि आम्ल यांना जास्त दाद न देणारा. तरीही धातूकामात अशा थरांनी जेवढा फायदा होतो तेवढा लाकडात होत नाही. याचे कारण धारेतच आहे. लोखंड कापणारे हत्यार जाड, जवळजवळ काटकोनी कडेने चालते. लाकडाला पातळ पाचर लागते. एका मायक्रॉनच्या टोकावर तीन मायक्रॉनचा थर चढवला तर कवचच धारेला गोल करते, आणि ठिसूळ असल्याने गाठ लागताच टोकावरून सोलून निघते. कार्बाइडच्या तयार चकती करवतीची अडचण आणखी निराळी. तिचे दात ज्या मिश्रधातूने झाळलेले असतात त्यात बहुधा जस्त असते आणि निर्वात भट्टीत त्याची वाफ होते. करवतीवर म्हणून टेफ्लॉनसारखा निसरडा रंगीत लेपच जास्त दिसतो. तो कठीण नसतो, पण राळ चिकटू देत नाही. राळ कमी, तर घर्षण आणि ताप कमी.

रंधा यंत्राच्या पात्यावर कठीण थर घेतला असेल तर धार लावताना एकच बाजू घासायची. त्या बाजूवरचा थर जातो, दुसऱ्या बाजूवरचा राहतो. काम करताना मागचे उघडे पोलाद आधी झिजते आणि थर किंचित पुढे उरतो, त्यामुळे धार बराच काळ तीक्ष्ण राहते. पाते धारवाल्याकडे देताना कोणत्या बाजूला दगड लावायचा नाही, हे त्यावर खडूने लिहून द्यावे लागते.