‘पायपर’ : दंतकथेआड दडलेला अल्बम

‘पिंक फ्लॉईड’ हे नाव उच्चारले की, बहुतेक रसिकांना ‘द डार्क साईड ऑफ द मून’ (१९७३) किंवा ‘द वॉल’ (१९७९) आठवतात. ऑगस्ट १९६७मध्ये प्रसिद्ध झालेला या ब्रिटिश बँडचा पहिला अल्बम, ‘द पायपर अॅट द गेट्स ऑफ डॉन’, त्यांच्या तुलनेत मागे पडतो. त्याची आठवण निघतेच, तर गायक, गिटारवादक आणि प्रमुख गीतकार सिड बॅरेट याच्या शोकांतिकेची नांदी म्हणून. पुढे बॅरेटचा मानसिक तोल ढळला, हे खरे. परंतु त्याच्या गाण्यांत आजाराची लक्षणे शोधत बसल्याने या अल्बमवर अन्याय होतो.

लंडनमध्ये वास्तुशास्त्राचे शिक्षण घेताना एकत्र आलेले रॉजर वॉटर्स, निक मेसन व रिचर्ड राईट आणि कला महाविद्यालयात शिकणारा बॅरेट, असा हा चौघांचा संच. टॉटनहॅम कोर्ट रोडवरील ‘यूएफओ’ क्लबमध्ये त्यांचे कार्यक्रम गाजू लागले. एलएसडीसारख्या द्रव्यांमुळे बदलणारे काळाचे, रंगांचे व ध्वनींचे भान संगीतातून उभे करू पाहणाऱ्या प्रवाहाला ‘सायकेडेलिक रॉक’ म्हटले जाते. वादकांच्या अंगावर फिरणारे रंगीत प्रकाशाचे ओघळ आणि लांबत जाणारे उत्स्फूर्त वादन हे या कार्यक्रमांचे वैशिष्ट्य होते.

१९६७च्या फेब्रुवारी ते मे या काळात ‘ईएमआय’च्या अॅबी रोड येथील स्टुडिओत अल्बमचे ध्वनिमुद्रण झाले. निर्माता होता नॉर्मन स्मिथ. १९६५पर्यंत त्याने ‘बीटल्स’चा ध्वनिमुद्रक म्हणून काम केले होते. योगायोग असा, की त्याच इमारतीत तेव्हा ‘बीटल्स’चा ‘सार्जंट पेपर’ आकाराला येत होता. स्मिथला आटोपशीर गाणी हवी होती. बँडची ओढ मुक्त वादनाकडे होती. या ओढाताणीतून अकरा रचना निघाल्या. त्यांतील बहुतेक छोट्या आहेत. ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राईव्ह’ ही शब्दविरहित रचना मात्र साडेनऊ मिनिटांहून अधिक चालते. ठरलेली सुरावट वाजवायची, ती मोडून वाटेल तिकडे जायचे आणि अखेरीस मैफलीत समेवर यावे तसे मूळ जागी परतायचे, अशी तिची बांधणी आहे.

अकरापैकी आठ रचना एकट्या बॅरेटच्या आहेत. अल्बमचे नाव त्याने केनेथ ग्रॅहम यांच्या ‘द विंड इन द विलोज’ (१९०८) या बालकादंबरीतील सातव्या प्रकरणावरून घेतले. हरवलेल्या पिलाच्या शोधात निघालेल्या उंदीर आणि चिचुंदरीला पहाटे पावा वाजवणारा देव भेटतो, असा तो प्रसंग आहे. अल्बममधील बुजगावणे, बुटका, मांजर आणि सायकल यांचे जग या बालविश्वाला जवळचे. ‘चॅप्टर २४’चा आधार मात्र ‘आय चिंग’ हा प्राचीन चिनी ग्रंथ आहे. ‘मटिल्डा मदर’मध्ये बॅरेटने आधी हिलेअर बेलॉक यांच्या बालकवितांतील ओळी वापरल्या होत्या. परवानगी नाकारली गेल्यावर त्याने त्या जागी स्वतःचे शब्द लिहिले. अडचण आल्यावर गाणे सोडून न देता ते नव्याने बांधणारा हा माणूस आपल्या कलेवर पुरेसा हुकमत ठेवून होता.

ध्वनीच्या बाबतीतही हेच दिसते. बॅरेट गिटारच्या तारांवरून सिगारेटचा लायटर सरकवत असे आणि तो स्वर ‘बिन्सन’ या इटालियन प्रतिध्वनियंत्रातून सोडत असे. ‘अॅस्ट्रॉनॉमी डोमिनी’च्या आरंभी बँडचा व्यवस्थापक पीटर जेनर कर्ण्यातून बोलतो आणि तो दूर अंतराळातून येणारा संदेश वाटतो. ‘बाईक’ या शेवटच्या गाण्याचा अंत घड्याळे, घंटा आणि चित्रविचित्र आवाजांच्या गलबल्यात होतो.

ब्रिटनच्या विक्रीयादीत हा अल्बम सहाव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यानंतरच्या महिन्यांत बॅरेट अधिकाधिक बेभरवशाचा होत गेला. एलएसडीच्या सेवनाकडे बोट दाखवले जाते. मुळात एखादा आजार होता का, याविषयी मतभेद आहेत. डेव्हिड गिल्मोर बँडमध्ये आला आणि एप्रिल १९६८मध्ये बॅरेट बाहेर पडल्याचे जाहीर झाले. १९७०मध्ये दोन स्वतंत्र अल्बम काढून तो संगीतापासून दुरावला. उरलेले बहुतेक आयुष्य केंब्रिजमध्ये एकांतात घालवून जुलै २००६मध्ये, वयाच्या साठाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. १९७५च्या ‘विश यू वेअर हिअर’ या अल्बमवर त्याच्याच अनुपस्थितीची छाया आहे.

वेड आणि प्रतिभा यांची सांगड घालणाऱ्या कथा लोकांना आवडतात. त्या कथांत आजारी माणसाची वेदना शोभेची होते आणि त्याने धडधाकट असताना घेतलेले कष्ट पुसले जातात. ‘पायपर’ ऐकताना बॅरेटचे पुढे काय झाले, हे चाळीसएक मिनिटे विसरून पाहावे. मग ऐकू येतो तो एकवीस वर्षांचा, शब्द आणि सूर नेमके वेचणारा गीतकार.