चार पायांचे चार ठोके

चला रे, दोघं एकामागोमाग उभे राहा. मागच्यानं पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचे. बंगळूरच्या बसवनगुडीत घोडा व्हायला या ब्युगल रॉकच्या कातळाइतकी चांगली जागा नाही. पुढचा म्हणजे घोड्याचे पुढचे पाय, मागचा म्हणजे मागचे.

आता पुढच्यानं डावा टाकला की मागच्यानं उजवा टाकायचा. ही दुडकी. तिरपे पाय जोडीनं पडतात, दोन जोड्यांमध्ये घोडा क्षणभर हवेत असतो आणि स्वार खोगिरावर आपटतो. आता दोघांनी मिळून डावा-डावा, उजवा-उजवा. उंट असाच चालतो. आता खरी गंमत! मागच्यानं डावा टाकायचा, लगेच पुढच्यानं डावा, मग मागचा उजवा, पुढचा उजवा. टप, टप, टप, टप. चार पायांचे चार वेगळे ठोके, त्यामुळे पाठ उसळत नाही. हीच रवाल चाल. आइसलँडात अशाच चालीला टोल्ट म्हणतात आणि भरलेला पेला हातात धरून, न सांडता घोडा पळवून दाखवतात.

शहाजीराजांना हे बंगळूर जहागिरीत मिळालं, ते 1638 साली. पुण्याहून इथवर घोड्यावरून यायचं म्हणजे किती दिवसांची मजल! असा प्रवास ज्यानं केला असेल त्याला चालीची किंमत कळत असणार. आजही नंदुरबार जिल्ह्यात, तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजार भरतो, तेव्हा जाणकार घोड्याचा नुसता रंग बघत नाही, त्याला चालवून बघतो.

मग दुडकीच्या घोड्याला रवाल शिकवता येते का? फार जुना प्रश्न आहे. रोमचा प्लिनी पहिल्या शतकात स्पेनच्या छोट्या घोड्यांबद्दल लिहितो की, त्यांची मऊ चाल बघूनच लोक इतर घोड्यांना ती शिकवायला लागले. पुढे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये एका बाजूचे पुढचे-मागचे पाय दोरानं जोडून घोड्यांना चालवत. मला ती रीत मुळीच आवडत नाही. चांगला चाबूकस्वार, म्हणजे घोड्याला शिकवणारा, घाई करत नाही. घोड्याची साधी चालही चार ठोक्यांचीच असते ना? तो तिथूनच सुरुवात करतो. वेग हळूहळू वाढवतो, दुडकी लागते आहे असं वाटलं की लगाम आवरून पुन्हा चालीवर आणतो. घोडा उंटासारखा चालत असेल तर जमिनीवर आडव्या काठ्या अंतरा-अंतरानं मांडतात. त्या ओलांडताना जोडीनं पडणारे पाय सुटे होतात.

हे अवघड का, तेही ऐका. 1981 मध्ये हॉइट आणि टेलर या शास्त्रज्ञांनी तीन तट्टांना फिरत्या पट्ट्यावर चालवलं. त्यांना अवेळी चाल बदलायला शिकवलं, म्हणजे जिथे दुडकी यावी तिथे चालायचं, जिथे चालावं तिथे दुडकी. आणि श्वासातला प्राणवायू मोजला. तट्टू आपणहून जी चाल निवडे, तीच त्या वेगाला सर्वांत कमी खर्चाची निघाली! म्हणजे चाल बदलायला लावणारा माणूस घोड्याच्या चोख हिशेबाविरुद्ध उभा असतो.

काही घोड्यांचा हिशेबच मुळात वेगळा असतो. 2012 मध्ये स्वीडनच्या लेफ अँडरसन आणि सहकाऱ्यांना डीएमआरटी-3 या जनुकात एका अक्षराचा फरक सापडला. हे जनुक पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत काम करतं आणि तिथल्या ज्या पेशी पायांचा ताल सांभाळतात, त्यांच्या घडणीत त्याचा वाटा असतो. त्या एका अक्षरामुळे त्याचं प्रथिन अर्धवट राहतं आणि पायांना वेगळे ताल जमू लागतात. पण हेच घोडे दुडकीतून भरधाव दौडीत जायला नाखूश असतात. म्हणून आपल्या बंगळूरच्या रेसकोर्सवर पळणाऱ्या थरोब्रेडमध्ये हा बदल नसतो.

आइसलँडच्या घोड्यात या बदलाच्या दोन प्रती असल्या तर टोल्टही येते आणि उंटासारखी वेगवान चालही. एकच प्रत असली तर टोल्टपर्यंत मजल जाते, पुढची चाल सहसा जमत नाही. अशा घोड्याशी चाबूकस्वारानं जबरदस्ती करू नये. त्याच्याकडून टोल्टच सुरेख करून घ्यावी.

चला, आता मागचा पुढे येऊ दे. रवाल पुन्हा करू, या वेळी जरा जलद!